मडक्यातले तीळ

"माझं लेकरू मी मारलं का, येवढंच मला सांगा," ती बाई म्हणाली.

हिंगोलीच्या स्टँडसमोर, सायकलच्या दुकानाच्या माडीवर बुद्धभूषण खिल्लारेचं ऑफिस होतं. तिथं लोक येत ते पळून गेलेल्या जावयाचा नाहीतर विहिरीवरून चोरीला गेलेल्या मोटारीचा शोध लावायला. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण बुद्धभूषणचं आठ वर्षं त्यावरच भागत आलं होतं. खून झाला का, हे विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं. तो आपण केला का, हे विचारायला तर नव्हतंच.

बाईचं नाव शिवकन्या. सोबत तिचा बाप ग्यानबा होता, औंढ्याकडचा शेतकरी. तो दाराशीच उकिडवा बसला आणि टोपी काढून हातात धरली.

कोपऱ्यातल्या स्टुलावर अमृतराव सुपारी कातरत होते. सेवानिवृत्त जमादार. नोकरीत तीस वर्षं त्यांनी चोर पकडले. मात्र चोर कोण, हे दुसऱ्या कुणीतरी सांगितल्यावर.

"सुरुवातीपासून सांगा, ताई," बुद्धभूषण म्हणाला.

ती सांगू लागली. तिचं सासर सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठी. सहा वर्षांपूर्वी, अठ्ठ्याण्णवच्या संक्रांतीला, ती घरीच बाळंत झाली. सुईण भागूबाईनं सांगितलं, मुलगी झाली, पण मेलेली. सासूनं त्याच दिवशी परसात पुरली. आता पंधरा दिवसांमागं परसात संडासाचा खड्डा खणताना कुदळीखाली मडकं फुटलं आणि त्यात हाडं निघाली.

"त्यात गुन्हा कसला?" अमृतराव म्हणाले. "मेलेलं लेकरू पुरतातच की."

"शेजारच्या भिकाबाईनं पोलिसांना सांगितलं, लेकरू रडलं व्हतं म्हणून. मग भागूबाई फिरली. आता म्हणती, जितं झालतं, आईच्या अंगाखाली दबलं." शिवकन्येचा आवाज चढला नाही की उतरला नाही. दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तशी ती बोलत होती. "फौजदार सोमवारी येणार हायेत. न्यायला."

"तुम्हाला काय आठवतं?"

"काढा पाजला व्हता भागूबाईनं. रडलेलं ऐकू आल्यावानी वाटलं. सासूबाई म्हणल्या, शेळीचं करडू असंल. मंग डोळा लागला. उठले तवा समदं आवरून झालतं."

"लेकरू दाखवलं नाही?"

"मेलेलं आईला दाखवत न्हाईत. दाखवलं की पुन्यांदा कूस धरत न्हाई म्हणतात."

"मग धरली?"

"न्हाई."

ग्यानबानं डोळे पुसले. शिवकन्येनं पुसले नाहीत, पुसण्यासारखं काही नव्हतंच.

"मला रडू येत न्हाई, साहेब. सहा वर्सं झाली. लोक म्हणतात दगड हाय. मालक पंधरा दिसांत बोलले न्हाईत माझ्याशी. जेलात जायचं मला काई वाटत न्हाई. पर अंगाखाली लेकरू दबलं आन मला जाग न्हाई आली, असं झालं का न्हाई, ते कळू द्या."

बुद्धभूषणनं वहीत तिचं नाव लिहून घेतलं. "सोमवारच्या आत सांगतो," एवढंच तो म्हणाला.

* * *

ठाण्यात अमृतरावांची अजून वट होती. मुद्देमाल नांदेडला तपासायला जायचा होता. त्याआधी पाहायला मिळाला.

पंचनाम्यात लिहिलं होतं: फुटलेलं मातीचं मडकं, कुजलेल्या बारीक हाडांचे तुकडे, मीठ, आणि पांढरे तीळ, अंदाजे वीस.

"संक्रांत होती ना," अमृतराव म्हणाले. "सुगडातले पडले असतील. तिळाबिगर संक्रांत कसली?"

बुद्धभूषणनं हवालदाराकडून पिठाची चाळणी मागवून घेतली आणि मडक्यातली माती पुन्हा चाळली. आणखी सहा दाणे निघाले, काही तिळाएवढे, काही त्याहून बारीक, कणीसारखे. त्यानं एक दाणा नखाखाली दाबला. तीळ असता तर चिरडून तेल सुटलं असतं. हा जसाच्या तसा राहिला. भिंगाखाली धरल्यावर दिसलं, की खालून तो पोकळ आहे.

मग त्यानं मडक्याच्या काठाची खापरी उचलली, कागदावर ठेवली आणि तिच्या वळणावरून पेन्सिलीनं सगळा गोल पुरा केला.

"काका, यावर मूठ ठेवा."

अमृतरावांनी ठेवली. मूठ गोलात मावली, पण बोटभरही जागा उरली नाही.

"ह्याचं काय?"

"काही नाही. तोंड लहान आहे मडक्याचं."

अमृतरावांनी पुढं विचारलं नाही. बुद्धभूषणचं हे वागणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. या शोधाच्या धंद्याआधी तो औरंगाबादला दातांच्या कॉलेजात नोकरीला होता. डॉक्टर नव्हे, तिथल्या संग्रहालयात त्यानं बारा वर्षं बरण्या पुसल्या होत्या.

* * *

गावात पहिली गाठ पडली भिकाबाईशी. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गावानंच सांगितलं. ते खोटं नव्हतं.

"दुपारची येळ. समद्या बाया वाण घिऊन देवळात गेलत्या. माझा पाय मुरगळलेला, मी घरीच. लेकरू रडलं. एकदा न्हाई, दोनदा. करडू न्हाई, लेकरूच. पाच बाळंतपणं झालीत माझी, मला कळत न्हाई व्हय?"

"मग?"

"मंग जीप आली. धाकली सून, रुख्मिणी, माहेरी गेली पुसेगावला. तिलाबी दिवस व्हते, पाच सरून सहावा लागलेला. आधी दोनदा पोटातलं गेलं, डॉक्टरनं पडून राहा म्हणलं म्हणं. पर सणाच्या दिशी सून कुनी घराबाहेर काढतं का? भागूबाई गेली संगं, बोचकं घिऊन."

"भागूबाई? थोरली नुकती बाळंत झालेली असताना?"

"तेच म्हणून राहिले ना मी!"

शिवकन्येच्या सासरी बुद्धभूषण आणि अमृतरावांना ओट्यावर बसवलं. चहा आला, तोही ओट्यावरच, निराळ्या कपांतून. दोघांनी तो पिऊन टाकला. या गोष्टीचं नवल वाटायचे दिवस त्यांच्यापुरते कधीच सरले होते.

सासू सुमनबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "मेलेलंच व्हतं. मीठ घालून पुरलं. भागूबाई म्हातारी झाली, काईबी बोलती."

"मडकं कुठलं?"

"घरातलं. हाताला आलं ते घेतलं."

तेवढ्यात एक पोरगी जिभेनं पुढचा दात हलवत बाहेर आली. रुख्मिणीची राणी. ती सरळ ओट्याच्या कडेला बसलेल्या शिवकन्येच्या गुडघ्याला जाऊन चिकटली. शिवकन्येनं तिच्या केसांवरून हात फिरवला, पण नजर दुसरीकडेच होती.

"वय काय हिचं?" बुद्धभूषणनं खिशातली गोळी काढली.

"अक्षय तृतीयेची हाय. येत्या अक्षय तृतीयेला सहा पुरी," सुमनबाई म्हणाली.

"आ कर बरं राणी. आऽऽ." त्यानं तोंडात पाहिलं. दुधाच्या दाढांच्या मागं खाली दोन्हीकडं एकेक नवी दाढ वर आली होती. "शाबास. घे गोळी. बारशाला तुम्ही सगळे गेला होता का पुसेगावला?"

"मी एकटी गेलते," सुमनबाई म्हणाली. "बाकीच्यांना काम व्हतं शेतात."

"हिचे वडील?"

"नरसिंग टरकावर हाय. त्यानं दिवाळीतच पाह्यली लेक. काहून?"

"सहज." तो शिवकन्येकडं वळला. "आणि ताई, तुम्ही राणीला पहिल्यांदा कधी पाहिलंत?"

"सरावण लागला तवा. बाळंतपणानंतर मला माहेरी धाडलं व्हतं. मी आले तर ही पाळण्यात. तिसऱ्या महिन्याची व्हती. मी बोट दिलं तोंडात, तर चावली." शिवकन्येनं उजव्या हाताचं पहिलं बोट पाहिलं. "खालचे दोन दात आलते. सासूबाई म्हणल्या, येवढ्या लवकर दात म्हंजे मामाला जड. नागनाथाला अभिषेक केला. सहा वर्सांत दुखल्यालं तेवढंच आठवतं मला."

सुमनबाई आत निघून गेली.

रुख्मिणी चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही. "मी माहेरी व्हते. मला काई म्हाईत न्हाई," ती दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा तर तिला कुणी विचारलंही नव्हतं.

शेवटी भागूबाई. गावकुसाजवळच्या खोपटात बाजेवर पडलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"जितं व्हतं," ती म्हणाली. "मायच्या अंगाखाली दबलं."

"दिवस पुरे भरले होते?"

"पुरे. चांगलं भरल्यालं लेकरू. डोक्याला ह्ये जावळ!"

"आणि तेच मडक्यात घातलं?"

म्हातारीनं तोंड भिंतीकडं केलं. "तेच. दुसरं कुठून आणू?"

परतीच्या जीपमध्ये अमृतरावांनी निकाल लावला. "उघड हाय, भूषण. मुलगी झाली म्हणून सासूनं नरडं दाबलं. भागूबाई तिला झाकून राहिली. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, काका, या घरात कुणी कुणाला मारलंच नाही," बुद्धभूषण म्हणाला. "पण ते सांगितल्यावर जे होईल, ते खुनापेक्षा हलकं नसेल."

* * *

सोमवारी सकाळी दहाच्या उन्हात सगळे ओट्यावर जमले. फौजदार खुर्चीवर बसले. शिवकन्येचा नवरा सोमेश्वर खांबाला टेकून, हातांची घडी घालून उभा होता. भागूबाईला दोघांनी धरून आणलं होतं. शिवकन्येनं लुगड्याची लहानशी घडी करून पिशवीत भरली होती. जेलात न्यायला.

बुद्धभूषणनं रुमाल पसरला आणि त्यावर फौजदारांनी आणलेल्या कागदाच्या पुडीतून दाणे ओतले.

"पंचनाम्यात हे तीळ म्हणून लिहिलेत. संक्रांत होती, मडकं होतं, त्यात पांढरे दाणे निघाले. कुणीही तीळच म्हटलं असतं. पण हे दात आहेत."

"तान्ह्याला दात?" सोमेश्वर म्हणाला.

"दात दिसतात जन्मानंतर, पण बनतात आईच्या पोटात. दीड महिन्याचा गर्भ वालाच्या दाण्याएवढा असतो. तेव्हाच त्याच्या हिरडीत एक दुमड पडते, लुगड्याचा काठ दुमडावा तशी. तिच्यातून वर दहा आणि खाली दहा कोंब फुटतात. चौथ्या महिन्यात ते कोंब टणक व्हायला लागतात. दात टोकाकडून बनत येतो. आधी टोक, मग अंग, आणि मूळ तर जन्मानंतर. म्हणून हिरडीतला दात पाहिला की पोटातला महिना सांगता येतो. बारा वर्षं मी अशा बरण्या पुसल्यात, महिन्यावार लावलेल्या."

फौजदार पुढं वाकले.

"दिवस भरलेल्या लेकराच्या हिरडीत पुढच्या दातांचं अंग बरंचसं तयार असतं. दाढेची टोकं एकमेकांना जुळलेली असतात. इथं पाहा. पुढच्या दातांची नुसती टोकं, तिळाएवढी, खालून पोकळ. दाढांचे कण सुटे सुटे, एकही जुळलेला नाही. मडक्यातला जीव साडेपाच महिन्यांचा होता. मडक्याचं तोंडही तेच सांगतं. अमृतकाकांची मूठ जेमतेम मावते त्यात. जावळ असलेलं भरलेलं डोकं त्यातून आत जाणारच नाही."

"म्हणजे हे लेकरू..." फौजदार थांबले.

"हे रडलं नाही. या वयाचं रडत नाही, तेवढा दम नसतो छातीत. हे कुणाच्या अंगाखाली दबलंही नाही. पोटातच गेलं." तो शिवकन्येकडं वळला. "ताई, तुम्ही मला एक विचारलं होतं. उत्तर आहे: नाही. तुम्ही लेकरू मारलं नाही."

शिवकन्येनं मान हलवली. पिशवी मात्र तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही.

"माझे तर दिवस भरले व्हते," ती सावकाश म्हणाली.

"भरले होते. म्हणूनच मडक्यातलं तुमचं नाही. त्या दिवशी या घरात पाच सरून सहावा लागलेली एकच बाई होती."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. रुख्मिणी दारात येऊन उभी राहिली होती.

"भिकाबाईनं रडणं ऐकलं ते खरं," बुद्धभूषण पुढं म्हणाला. "सुमनबाई म्हणाल्या, मेलेलं पुरलं, तेही खरं. दोन्ही खरं असेल तर त्या दिवशी घरात दोन लेकरं होती. एक मेलेलं मडक्यात गेलं आणि एक जिवंत, भागूबाईच्या बोचक्यातून, जीपनं पुसेगावला. म्हणून सणाच्या दिवशी जीप आली. म्हणून ओल्या बाळंतिणीला सोडून सुईण निघून गेली. पुढं अक्षय तृतीयेला धाकटी बाळंत झाल्याचं कळवलं. बारशाला आजी एकटीच गेली, कारण बारा दिवसांचं म्हणून साडेतीन महिन्यांचं लेकरू दुसऱ्या कुणाला दाखवता आलं नसतं."

"ह्याला पुरावा?" फौजदारांनी विचारलं.

"पुन्हा दातच. ज्या लेकराला तिसऱ्या महिन्यात दात दिसले, ते तिसऱ्या महिन्याचं नव्हतं. संक्रांतीपासून मोजा, श्रावणात ते सहा महिने पुरे करून सातव्यात होतं, आणि तेच दात येण्याचं वय. मामाला जड वगैरे काही नाही. आजही तिच्या तोंडात सहा वर्षांची दाढ आहे. तेवढ्यावर मी पैज लावली नसती. एखाद्याला लवकर येतेही. पण मडक्यातलं लेकरू जितकं लहान निघतं, पाळण्यातलं तितकंच मोठं निघतं. दोन्हीकडं तेच साडेतीन महिने. रक्ताची तपासणी करून घ्या, तीही हेच सांगेल."

मग सुमनबाई खाली बसली.

"सकाळी धाकलीचं तिसऱ्यांदा गेलं," ती म्हणाली. "विहिरीकडं पळाली व्हती. केसाला धरून वढून आणली मी तिला. दुपारी थोरलीला झाली. मला वाटलं, थोरली तरणी हाय, तिला पुन्यांदा व्हईल. दोघींतली एक तरी वाचंल. भागूबाईला मीच शपथ घातली." तिनं तोंडावर पदर घेतला. "तिला व्हतच न्हाई, हे मला काय ठाऊक? मंग सांगायला जीभच वळली न्हाई."

"आणि पोलीस आल्यावर?" बुद्धभूषणनं विचारलं.

"तवा भागूबाई बोलली आन मी गप बसले. राणी जाऊ नये म्हणून." हे शेवटचं ती फारच हळू म्हणाली.

आपल्या पदरचं माणूस वाचवायला दुसऱ्याच्या पदरचं खर्ची टाकायचं आणि त्याला घर सांभाळणं म्हणायचं, ही रीत सुमनबाईनं काढलेली नव्हती. पण म्हणून तिची कीव करावी, असं ओट्यावरच्या कुणालाही त्या घटकेला वाटलं नाही.

सोमेश्वर खांबापासून सुटला, दोन पावलं बायकोकडं आला आणि तिथंच थांबला.

शिवकन्या बसल्या जागी बसून होती. तिच्याकडं पाहून कुणाला वाटलं असतं, हिनं ऐकलंच नाही. तिनं ऐकलं होतं. सहा वर्षं त्या पोरीची तिनं वेणी घातली, ताप आला तेव्हा उशाशी बसली, आणि दरवेळी हात आवरता घेतला, दुसरीचं आहे म्हणून. हे सगळं तिला कळत होतं. आत मात्र काहीच हलत नव्हतं, पाय बधिर झाला की तो आपला वाटत नाही तसं.

तेवढ्यात परसातून राणी धावत आली. हनुवटीवर थोडं रक्त, मूठ वळलेली.

"पडला! दात पडला! पत्र्यावर फेकायचाय!"

सवयीनं ती रुख्मिणीकडं गेली. रुख्मिणीनं तिला जवळ घेतलं, तिचं तोंड पदरानं पुसलं, आणि मग हात सोडले. ते सोडायला तिला वेळ लागला.

"मोठ्या मायकडं दे," ती म्हणाली.

राणीनं दात शिवकन्येच्या तळहातावर ठेवला. पांढरा, एवढासा, टोकाला किंचित झिजलेला.

"ताई," बुद्धभूषण हळूच म्हणाला, "याचं टोक तुमच्या पोटात बनलंय. चौथ्या महिन्यात."

अमृतरावांनी अडकित्ता खिशात टाकला आणि ते कालव्याकडं बघत राहिले.

"फेक ना मोठी माय," राणी म्हणाली. "उंदीर नवा देतो."

शिवकन्येनं दात फेकला नाही. पदराच्या टोकाला त्याची गाठ मारली, दोनदा आवळून. मग राणीची हनुवटी वर करून तिनं त्या रिकाम्या जागेवर उजव्या हाताचं पहिलं बोट टेकवलं.

"दुखलं का गं?" तिनं विचारलं, आणि तिचा आवाज फुटला.